जुन्या गेम कन्सोलची सिस्टम फाइल घरी कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोलीपासून थेट खारघर-पनवेलपर्यंतच्या लोकांकडून जुन्या कन्सोलचे गेम कम्प्युटरवर चालवण्याबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आपल्या पट्ट्यात पीएसटू, म्हणजे सोनीचे प्लेस्टेशन २, अजूनही घरोघरी पडलेले आहेत, त्यामुळे जास्त जागा त्यानेच खाल्ली आहे.

१. बायोस, फर्मवेअर, सिस्टम फाइल हे सगळं एकच का? आणि गेम हातात असताना ही वेगळी फाइल कशाला?

कन्सोल सुरू केला की डिस्क वाचली जायच्या आधीच कंपनीचं चिन्ह आणि तो ओळखीचा आवाज येतो. ते करणारा प्रोग्राम कन्सोलच्या आतल्या रॉम चिपवर कारखान्यातच घातलेला असतो, तोच बायोस. चिन्ह दाखवून त्याचं काम संपत नाही. मेमरी कार्ड वाचणं, डिस्कवरची फाइल शोधणं, कंट्रोलरची बटणं तपासणं, अशा बारीकसारीक कामांसाठी गेम त्यालाच हाक मारत असतो. इम्युलेटर म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम कम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम; तो हार्डवेअरची नक्कल करतो. रॉममधला प्रोग्राम मात्र कंपनीच्या मालकीचा, म्हणून इम्युलेटरवाले तो सोबत देत नाहीत.

आकार अगदी लहान असतो. पीएसटूची बायोस ४ एमबी, पहिल्या प्लेस्टेशनची ५१२ केबी, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सची १६ केबी. मूळ गेमबॉयचा बूट रॉम तर २५६ बाइटचा; यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे हे वाक्यही त्यात मावणार नाही. फर्मवेअर हा शब्द सहसा फ्लॅश मेमरीतल्या, बदलता येणाऱ्या भागासाठी वापरतात. ‘सिस्टम फाइल’ म्हटलं की दोन्ही आले.

२. घरी बाबांचा कॅसेटवाला सामुराई आहे आणि भावाचा पीएसपी. दोन्हींची बायोस काढायची का?

एकाचीही नाही. सामुराई, टर्मिनेटर वगैरे नावांनी आपल्याकडे विकले गेलेले कॅसेटचे गेम म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. त्यात बायोस नावाचा प्रकारच नव्हता. कॅसेट खोचली की प्रोसेसर थेट कॅसेटमधला प्रोग्राम चालवायला घेतो. सुपर निन्टेन्डो आणि मेगा ड्राइव्हच्या कॅसेटनाही वेगळी सिस्टम फाइल लागत नाही. पीएसपीसाठीच्या पीपीएसएसपीपी आणि निन्टेन्डो गेमक्यूबसाठीच्या डॉल्फिन या इम्युलेटरनी बायोसची कामं स्वतःच लिहून काढली आहेत, त्यामुळे तिथेही सुटका.

पीएसटूसाठी पीसीएसएक्सटू आणि पहिल्या प्लेस्टेशनसाठी डकस्टेशन हे इम्युलेटर मात्र बायोसशिवाय पुढे सरकत नाहीत. पीएसथ्रीची गंमत वेगळी. त्याच्या आरपीसीएसथ्री या इम्युलेटरला लागणारी फर्मवेअर अपडेटची फाइल सोनी स्वतःच्या साइटवर उघडपणे देते. ती उतरवायची आणि मोकळं व्हायचं.

३. गूगलवर टाकलं की पहिल्याच पानावर ‘सर्व बायोसचा पॅक’ मिळतो. स्टेशनजवळचा दुकानदारही पेनड्राइव्हवर भरून देतो म्हणाला. मग एवढा खटाटोप कशाला?

एक कारण कायद्याचं, ते पुढच्या प्रश्नात आहे. दुसरं कारण तुमच्या कम्प्युटरचं. बायोस ही नुसती डेटाची फाइल असते, ती ‘इन्स्टॉल’ होत नाही. उतरवलेल्या पॅकमध्ये डबल क्लिक करून चालवायचा प्रोग्राम निघाला तर तो बायोस नाही, दुसरंच काहीतरी आहे. अशा पॅकमध्ये नाव एका मॉडेलचं आणि आत फाइल भलत्याच मॉडेलची, हेही सर्रास असतं. मग गेम अर्ध्यात अडकतो आणि माणूस इम्युलेटरला शिव्या देत बसतो.

आणि खरं सांगायचं तर खटाटोप फार नाही. तयारी हाताशी असेल तर पीएसटूचं काम चहा होईपर्यंत उरकतं.

४. पण हे कायद्यात बसतं का?

भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये कलम ५२(१) चे दोन उपखंड इथे लागू पडतात. ‘एए’ उपखंड संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती हरवू वा खराब होऊ नये म्हणून बॅकअप घ्यायची मुभा देतो, पण प्रोग्राम ज्या कामासाठी दिला होता त्याच कामापुरती. ‘एडी’ उपखंड म्हणतो की स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यावसायिक, वैयक्तिक वापरासाठी प्रत करणं हे उल्लंघन नाही. दोन्हींचा पाया एकच आहे: मूळ प्रत तुमची हवी. दुकानदाराने भरून दिलेल्या पेनड्राइव्हला यातलं एकही लागू होत नाही. उलट कलम ६३बी प्रमाणे, उल्लंघन करून बनवलेली संगणक प्रोग्रामची प्रत माहीत असून वापरणं हा गुन्हा आहे.

२०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ६५ए संरक्षण तोडण्याबद्दल आहे, पण त्यात हक्कभंगाचा हेतू असणं ही अट आहे. अमेरिकेतला सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटलाही लोक पुढे करतात. २००० साली तिथल्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला हे खरं, पण तो मुद्दा इम्युलेटर बनवताना अभ्यासासाठी बायोसची प्रत करण्याचा होता. शिवाय तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. यातून धंदा करायचा विचार असेल तर वकिलाला विचारा.

५. कॉपी करताना लाइट गेली तर कन्सोल कायमचा बंद पडेल का?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर: नाही. बायोस असते मास्क रॉमवर, म्हणजे कारखान्यात एकदाच लिहिलेल्या चिपवर, आणि डम्प करणारा (चिपमधला मजकूर फाइलमध्ये उतरवणारा) प्रोग्राम ती फक्त वाचतो. वाचून ती पुसली जात नाही. महावितरणने बरोबर त्याच मिनिटाला दगा दिला तर पेनड्राइव्हवरची अर्धवट फाइल वाया जाईल, फार तर पेनड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करावा लागेल.

खरा धोका आजूबाजूच्या गोष्टींना असतो. मेमरी कार्डवर काही *लिहीत* असताना वीज गेली तर कार्डावरचे सगळे सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) जाऊ शकतात. चुकीच्या व्होल्टेजला सप्लाय जळतो (प्रश्न १२). पीएसटूवरच्या यूलाँचएल्फ या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोलरचं आरवन बटण दाबलं की कॉपी, कट, पेस्ट, डिलीट एकाखाली एक येतात. मेमरी कार्डाच्या फोल्डरमध्ये उभं राहून तिथे बोट घसरलं तर सेव्ह पुसले जाऊ शकतात. म्हणून बायोसला हात लावायच्या आधी सेव्ह पेनड्राइव्हवर घ्या. गेमच्या फोल्डरवर ‘कॉपी’, मग पेनड्राइव्हमध्ये जाऊन ‘पीएसयूपेस्ट’. पूर्ण सेव्ह एका फाइलमध्ये बांधला जातो. बायोस कधीही पुन्हा काढता येते, शाळेच्या दिवसांत पूर्ण केलेला गेम नाही.

६. पीएसटूची बायोस नेमकी कशी काढायची?

लागतं काय? चालू स्थितीतला पीएसटू, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, बायोसड्रेन नावाचा छोटा प्रोग्राम, आणि कन्सोलवर बाहेरचा प्रोग्राम चालवायची सोय. ही सोय बहुतेक जण फ्री मॅकबूट नावाचं सॉफ्टवेअर घातलेल्या मेमरी कार्डाने करतात. तसं तयार कार्ड विकतही मिळतं. ते वेगळं कार्डच ठेवा, ज्यावर तुमचे जुने सेव्ह आहेत त्यावर काहीही बसवू नका.

बायोसड्रेनची एल्फ फाइल (पीएसटूवर चालणारी प्रोग्रामची फाइल) कम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर टाका, वेगळा फोल्डर न करता, सरळ. कन्सोल बंद असताना कार्ड पहिल्या खाचेत आणि पेनड्राइव्ह पुढच्या यूएसबीत लावा. कन्सोल सुरू केला की नेहमीच्या मेन्यूत फ्री मॅकबूटची जादा नावं दिसतात, त्यातून यूलाँचएल्फ उघडा. फाइल ब्राउझरमध्ये ‘मास’ म्हणजे पेनड्राइव्ह, ‘एमसी०’ म्हणजे पहिलं मेमरी कार्ड. ‘मास’मध्ये जाऊन बायोसड्रेनवर सर्कल दाबा. इथे क्रॉसऐवजी सर्कलने ‘होय’ होतं, कारण जपानी पद्धत; सवय नसेल तर दोन-तीनदा गोंधळ होतो.

पडद्यावर ओळी सरकायला लागतील. पीएसटूची यूएसबी जुन्या १.१ दर्जाची, त्यामुळे ४ एमबी लिहायलाही ती वेळ घेते. स्क्रीन थिजल्यासारखी वाटली तरी काम संपल्याचा संदेश येईपर्यंत काही दाबू नका, पेनड्राइव्ह काढू नका. शेवटी चार-पाच फाइल मिळतात. त्यातली रॉम० ही खरी बायोस. रॉम१ आणि ईरॉम डीव्हीडी प्लेअरच्या, एनव्हीएममध्ये भाषा वगैरे सेटिंग. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये एकत्र ठेवा आणि तो फोल्डर पीसीएसएक्सटूला दाखवा.

डकस्टेशनही पीएसटूची बायोस ओळखतो. त्यामुळे घरी पहिला प्लेस्टेशन नसेल, नुसता पीएसटू असेल, तर बऱ्याच जणांना प्रश्न १० ची गरजच पडत नाही.

७. फ्री मॅकबूटचं कार्ड लावलं, पण काहीच होत नाही. कार्ड फसवं आहे का?

आधी कन्सोल उलटा करून स्टिकर वाचा. मॉडेल एससीपीएच-९०००० मालिकेतलं आणि डेट कोड ८सी किंवा त्यापुढचा असेल, तर त्यात बहुधा २.३० आवृत्तीची बायोस असते आणि तिच्यात सोनीने फ्री मॅकबूटची वाट बंद केली आहे. तिथे ओपनट्यूना हे तशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरतात. ते आपोआप सुरू होत नाही; ब्राउझरमध्ये जाऊन मेमरी कार्ड उघडलं की जागं होतं.

दुसरी वाट २०२० मध्ये आलेल्या फ्रीडीव्हीडीबूटची. कोऱ्या डीव्हीडीवर इमेज बर्न करायची, बस्स. मात्र डीव्हीडी प्लेअरच्या आवृत्तीप्रमाणे इमेज वेगळी असू शकते. ती पाहण्यासाठी डिस्क न घालता कन्सोल सुरू करा आणि पहिल्या मेन्यूवर ट्रँगल दाबा. आपल्याकडच्या पीएसटूंनी आयुष्यभर बर्न केलेल्या डिस्का खाल्ल्यामुळे अनेकांची लेन्स गेलेली आहे. डिस्क करकरत राहिली तर या वाटेला जाऊच नका, कार्डच बरं.

८. ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह ‘मास’मध्ये दिसतच नाही.

मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतात आणि यूलाँचएल्फच्या जुन्या आवृत्त्यांना ते वाचता येत नाही. फॅट३२ करा, पार्टिशन एमबीआर पद्धतीचं ठेवा. विंडोज स्वतःहून ३२ जीबीच्या वर फॅट३२ द्यायला कुरकुरतं. कपाटात पडलेला ४ किंवा ८ जीबीचा जुना पेनड्राइव्ह शोधा, तो नव्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

९. फाइल तर आली. ती बरोबर आहे हे कसं ओळखू?

आधी आकार बघा. पीएसटूची रॉम० बरोबर ४१,९४,३०४ बाइट, पहिल्या प्लेस्टेशनची ५,२४,२८८, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सची १६,३८४. प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ पाहा, ‘साइझ ऑन डिस्क’ नाही.

मग हॅश. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून काढलेली अक्षर-अंकांची ओळ. एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी ती पूर्ण बदलते. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तिथेच काढता येते. एकाच कन्सोलवरून दोनदा डम्प घ्या. दोन्हींची हॅश सारखी आली तर वाचताना गडबड झालेली नाही. त्यानंतर रीडम्प या जुन्या गेमच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रकल्पाच्या बायोस याद्यांशी जुळवा. त्यात फाइल नसतात, फक्त ओळखखुणा असतात.

एक सापळा आहे. एनव्हीएम फाइलची हॅश कुणाशीच जुळणार नाही, कारण तिच्यात तुमच्याच कन्सोलचं सेटिंग आहे. त्यावरून डम्प फसला असं समजू नका.

हॅश जुळली नाही तर हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून पाहा. पीएसटूच्या रॉममध्ये ‘रीसेट’ आणि ‘रॉमडिर’ ही इंग्रजी नावं सापडतात, पहिल्या प्लेस्टेशनच्या बायोसमध्ये सोनी कम्प्युटर एंटरटेनमेंटची कॉपीराइटची ओळ. सगळीकडे नुसते एफएफ किंवा नुसती शून्यं असतील तर काहीच वाचलं गेलेलं नाही.

१०. पहिल्या प्लेस्टेशनला यूएसबीच नाही. मग फाइल बाहेर कशी काढायची?

मागच्या सीरियल पोर्टमधून. २०२१ मध्ये आलेलं फ्रीपीएसएक्सबूट मेमरी कार्डातून चालतं. त्यातून युनिरॉम हा कन्सोलवरचा प्रोग्राम सुरू करायचा आणि यूएसबी-टीटीएल अडॅप्टरने कम्प्युटरला जोडून बायोसचे ५१२ केबी ओढून घ्यायचे. अडॅप्टर लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. त्यावर ३.३ आणि ५ व्होल्टचा जम्पर असतो, तो ३.३ वर ठेवा. फक्त आरएक्स, टीएक्स आणि ग्राउंड या तीन तारा जोडायच्या, व्हीसीसी मोकळी सोडायची.

नंतरच्या छोट्या गोल कडांच्या पीएस वनमध्ये हा पोर्टच नाही. त्यासाठी आतमध्ये सोल्डरिंग करत बसण्यापेक्षा प्रश्न ६ चा शेवटचा परिच्छेद वाचा.

११. गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आणि निन्टेन्डो डीएसचं काय?

अ‍ॅडव्हान्सची बायोस बाहेरच्या प्रोग्रामला वाचता येऊ नये अशी तजवीज निन्टेन्डोने केली होती. थेट वाचायला गेलं की भलताच आकडा हाती येतो. पण संगीताच्या सुराची वारंवारता काढून देणारं एक फंक्शन बायोसमध्येच आहे, आणि आपल्याला दिलेला पत्ता ते तपासत नाही. त्याला बायोसचाच पत्ता द्यायचा, की ते आतला मजकूर मुकाट्याने वाचून दाखवतं. डम्पर प्रोग्राम याच फटीतून शिरतात. चालवायला फ्लॅश कॅसेट (आपला प्रोग्राम भरता येणारी कॅसेट) लागते, किंवा निन्टेन्डोचा वी कन्सोल आणि गेमक्यूबची लिंक केबल. नुसतं खेळायचंच असेल तर एमजीबीए या इम्युलेटरमध्ये स्वतःची पर्यायी बायोस आहे.

डीएसला तीन फाइल: १६ केबी आणि ४ केबीच्या दोन बायोस, आणि २५६ केबीची फर्मवेअर. फर्मवेअरमध्ये तुमचं नाव, वाढदिवस आणि घरच्या वायफायचं सेटिंग असतं, त्यामुळे ‘चालते का बघ’ म्हणून ती कुणाला पाठवू नका.

१२. मामाने अमेरिकेहून आणलेला कन्सोल आहे, नवी पिन लावून चालवू का?

नको. पिन बसते म्हणूनच घात होतो. जुन्या पीएसटूला मागे आठच्या आकड्यासारखी साधी वायर लागते, ती घरातल्या टेपरेकॉर्डरचीही बसते. पण अमेरिकी कन्सोल १२० व्होल्टचा, जपानी १०० चा, आणि आपल्या सॉकेटला २३०. पाठीमागचं लेबल वाचा. ‘१००–२४०’ असं स्पष्ट नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. १०० वॅटचा पुरतो. जपानी कन्सोलला १०० व्होल्टचाच. बारीक पीएसटूला बाहेर अडॅप्टर असतो, तिथे अडॅप्टरवरचं लेबल बघायचं. ९०००० मालिकेत मात्र सप्लाय पुन्हा आत गेला.

१३. माझ्या पीएसटूला (बर्न केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून) चिप बसवलेली आहे. बायोस बिघडलेली येईल का?

येऊ शकते. काही चिपा कन्सोल सुरू होताना बायोसचे काही बाइट वरच्या वर बदलून देतात आणि डम्पमध्ये तेच उतरतं. चिप बंद ठेवून सुरू करायची सोय बहुतेकांत असते, तसा डम्प घ्या आणि प्रश्न ९ प्रमाणे जुळवा. हॅश जुळली तर चिपचा विचार सोडून द्या.

१४. सुरू केलं की दर वेळी तारीख विचारतो. सेल संपलाय, म्हणजे बायोस पण गेली?

नाही. पीएसटूमधला सीआर२०३२ सेल घड्याळ सांभाळतो. बायोसला विजेची गरज नाही. पण सेगा सॅटर्नमध्ये तोच सेल आतले सेव्ह धरून असतो, आणि गेमबॉयच्या अनेक कॅसेटमध्येही सेव्हसाठी सेल असतो. तिथे सेल काढायच्या आधी सेव्हचा बॅकअप घ्या.

१५. दहा-बारा वर्षं माळ्यावर होता. थेट लावून बघू?

खाडीकडेच्या इमारतींत तर अजिबात नको. ऐरोली, कळवा, कोपरीकडची दमट हवा पिनांवर हिरवट थर चढवते. आणि पीएसटूची उबदार पोकळी झुरळांना फार आवडते. जाळीतून टॉर्च मारून बघा. कोरड्या जागी, एखाद्या बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर चार-पाच दिवस ठेवा. कार्डाच्या आणि कॅसेटच्या पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, तोंडाने फुंकू नका. पहिल्यांदा कार्ड न लावता सुरू करा. जळका वास आला तर बंद. सप्लायचा डबा स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

१६. कन्सोल मेलाच आहे. आता?

दुरुस्ती शक्य असेल तर ती स्वस्त पडते. रॉमची चिप उपटून प्रोग्रामरवर वाचता येते, पण त्या नादात बोर्ड जातो. पहिल्या प्लेस्टेशनपुरता चांगला मार्ग आहे. पीसीएसएक्स-रीडक्स या इम्युलेटरच्या प्रकल्पाने ओपनबायोस नावाची मुक्त बायोस लिहिली आहे, ती कायदेशीरपणे वापरता येते. सगळे गेम तिच्यावर नीट चालतीलच असं नाही. पीएसटूच्या पीसीएसएक्सटूला असा पर्याय नाही.

१७. फाइल बरोबर आहे, हॅश जुळली, तरी इम्युलेटर ‘सापडली नाही’ म्हणतो.

बहुधा नावाचा घोळ. रेट्रोआर्क या अनेक इम्युलेटर एकत्र देणाऱ्या प्रोग्राममधला, पहिल्या प्लेस्टेशनसाठीचा बीटल पीएसएक्स ठरावीक नावच शोधतो, आणि लिनक्स किंवा रास्पबेरी पायवर कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक पडतो. नाव सगळं स्मॉलमध्ये लिहा. विंडोजने एक्स्टेन्शन लपवल्यामुळे शेवटी दोनदा ‘डॉट बिन’ झालं आहे का तेही पाहा. सापडते पण गेम सुरू होत नाही, असं असेल तर प्रदेश तपासा. एससीपीएच-५५०० जपानी, ५५०१ अमेरिकी, ५५०२ युरोपी. पाल, म्हणजे युरोपी पद्धतीच्या, डिस्कला युरोपी बायोस द्या.

१८. दादा, कन्सोल मी आणि भावाने मिळून घेतला होता. आता तो घणसोलीला राहतो, मी ठाण्यात. दोघांनी फाइल ठेवली तर? आणि उद्या कन्सोल विकला तर?

विकला तर फाइल पुसायची. बॅकअपची मुभा मूळ प्रतीला धरून आहे (प्रश्न ४), प्रत गेली की आधार गेला. मित्राचा कन्सोल रविवारपुरता आणून डम्प करणंही त्यात बसत नाही.

भावाभावांचं तसं स्पष्ट लिहिलेलं कुठे नाही. माझं मत विचाराल तर कन्सोल ज्याच्या घरी, फाइल त्याच्याकडे. दुसऱ्याला खेळायचंच असेल तर ठाणे-वाशी लोकल आहे, आणि दोन कंट्रोलर लावता येतात.